पाण्यापुरती मोरी

लहान पूल आणि मोऱ्या कशा बांधाव्यात हे सांगणारी इंडियन रोड्स काँग्रेसची एक मार्गदर्शिका आहे (एसपी १३, सुधारित आवृत्ती २००४). पाणलोट क्षेत्रावरून महापुराचा विसर्ग कसा काढावा, पाण्याला किती रुंद वाट ठेवावी, पुरात तळ किती खरवडला जाईल, हे सारे तीत व्यवस्थित दिले आहे. जुन्या मुंबई इलाख्यासाठी बसवलेले इंग्लिस यांचे सूत्रही तीत आहे: विसर्ग = १२५ × क्षेत्र ÷ √(क्षेत्र + १०). क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये घ्यावे, उत्तर दर सेकंदाला घनमीटरमध्ये मिळते. अवघ्या ६ चौरस किलोमीटरच्या खोऱ्यासाठी ते १८७ घनमीटरच्या वर जाते. वर्गात फळ्यावर करून दाखवावे असे हे गणित आहे.

आमचा आक्षेप या गणितावर नाही. वर्षानुवर्षांतून एखाद्या तासापुरता येणारा पूर त्यात धरला जातो. उरलेल्या पावसाळ्यात मोरीखाली काय चालते, हा प्रश्न त्यात येतच नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या नद्या सह्याद्रीवरून उतरून थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरींबरोबर नदीच्या डोहांतले मासे वहाळांत आणि पऱ्ह्यांत शिरतात आणि अंडी घालायला थेट भातखाचरांपर्यंत चढतात. चढणीचे मासे कोकणातल्या विद्यार्थ्यांना आम्ही समजावून सांगायला नकोत. ते आपल्यालाच दोन गोष्टी सांगतील. याखेरीज अहीर हा सापासारखा लांब मासा जन्मतो समुद्रात आणि वाढतो नदीत. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीच्या पिल्लांना सुरुवातीला खाडीचे मचूळ पाणी लागते, मग ती वर सरकतात. वाटेत एकच अडथळा पक्का झाला, तर वरच्या सगळ्या वहाळात हे प्राणी हळूहळू दिसेनासे होतात.

आता दुसरे गणित करू. समजा, वहाळ ४ मीटर रुंद आहे, पाणी अर्धा मीटर खोल आहे आणि वेग सेकंदाला अर्धा मीटर आहे. म्हणजे सेकंदाला १ घनमीटर पाणी वाहते. हेच पाणी १ मीटर व्यासाच्या एकाच ह्यूम पाइपातून काढले, तर पाइप पूर्ण भरूनही छेदाचे क्षेत्रफळ होते ०.७८५ चौरस मीटर, आणि वेग होतो सुमारे १.२७ मीटर. पाइप अर्धाच भरून वाहत असेल, तर त्याच्याही दुप्पट. मासा अगदी जोर लावून काही सेकंद पोहला, तर सेकंदाला आपल्या लांबीच्या साधारण दहापट अंतर कापतो, असा ढोबळ नियम आहे. दहा सेंटिमीटरचा मासा म्हणजे १ मीटर. तो पाइपात शिरतो आणि मागे ढकलला जातो. वहाळात तो दगडाआड थांबून दम घेतो. पाइपाच्या गुळगुळीत तळावर थांबायला जागा नसते.

त्याहून वाईट अवस्था खालच्या तोंडाशी होते. पाइपातून जोराने आलेले पाणी पुढचा तळ खणत जाते आणि काही पावसाळ्यांनी पाइपाचे तोंड अधांतरी राहते. अहिराचे पिल्लू ओल्या, खडबडीत दगडावरून सरपटत चढू शकते. हवेतून कसे चढणार?

वन्यजीवांचा विचार करणाऱ्यांनी तरी हे पाहायला हवे होते. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१६ साली रस्ते, रेल्वे आणि वीजवाहिन्यांसाठी पर्यावरणस्नेही उपायांची मार्गदर्शिका काढली. काम मोलाचे आहे. पण तिचा भर जमिनीवरच्या प्राण्यांवर आहे. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पाच भुयारी मार्ग आणि चार लहान पूल प्राण्यांसाठी बांधले गेले, ५० ते ७५० मीटर रुंदीचे. तेथून वाघ जातात याची छायाचित्रे आहेत. वाघासाठी एवढे करता येते, तर मळ्या-खवल्यांसाठी मोरी दोन हात रुंद का होऊ नये? शिवाय हे उपाय मुख्यतः अभयारण्ये आणि व्याघ्र प्रकल्पांच्या आसपास होतात. रत्नागिरीतले रान बहुतेक खाजगी मालकीचे आहे. तिथल्या वाडीच्या रस्त्यावरची मोरी पाहायला वन्यजीवांचा जाणकार येत नाही.

गंमत अशी की आमच्या पूर्वजांच्या साकवाने माशांना कधी अडवले नाही. दोन काठांवर ओंडके टाकले, खालचा वहाळ जसाच्या तसा. अमेरिकेच्या वन विभागाने २००८ साली जी पद्धत पुस्तकरूपाने मांडली, ती तत्त्वतः याच वाटेने जाते: बांधकाम किमान काठोकाठ भरलेल्या ओढ्याइतके रुंद असावे, आणि आतून ओढ्याचाच दगडगोट्यांचा तळ त्याच उताराने पुढे जावा. खर्च अर्थातच जास्त येतो. पण ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाने व्हरमाँट राज्यात शेकडो मोऱ्या आणि रस्ते उद्ध्वस्त केले, तेव्हा तिथल्या ग्रीन माउंटन राष्ट्रीय वनात या पद्धतीने बांधलेली बांधकामे टिकली. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर पाहिलेल्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

चढणीला मासे मारणारे आपलेच लोक आहेत, मग मोरीला दोष कशाला, असे कोणी म्हणेल. अंड्यांनी भरलेली मासळी सरसकट पकडणे वाईटच. पण पकडण्याची हौस चार रात्री असते आणि काही मासे निसटतात. अधांतरी पाइप साऱ्या पावसाळाभर, दरवर्षी, प्रत्येक माशाला अडवतो.

शाळेच्या वाटेवरच्या मोऱ्यांचे मोजमाप आठवी-नववीची मुले सहज घेऊ शकतील. ते पाऊस ओसरल्यावर, शिक्षकांच्या देखत घ्यावे. वहाळाची रुंदी मोरीपासून बरीच वर जाऊन मोजावी, कारण मोरीजवळ ती बिघडलेली असते. मग पाइपांची संख्या आणि व्यास, आणि पाइपाच्या खालच्या कडेपासून डोहाच्या पाण्यापर्यंतचे अंतर. हे शेवटचे अंतर सेंटिमीटरमध्ये लिहावे.