वैध आहे, पण खरे आहे का?
संगणकातील तपासनिसाचे एक परीक्षण

जून महिन्यात प्रवेश देताना शाळेत दोन तपासण्या होतात. अर्जातील रकाने भरले आहेत का, जन्मतारीख तारखेसारखी लिहिली आहे का, सही आहे का, ही पहिली. लिहिलेले खरे आहे का, ही दुसरी. लिपिक आणि वर्गशिक्षक या दोन्ही एकाच नजरेत उरकतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे आपल्या लक्षात येत नाही. संगणकाची आज्ञावली मात्र बहुधा पहिलीच करते आणि शेवटी 'वैध' असा शेरा मारते. या शेऱ्यामागे काय असते, आणि तो मारण्याचे नियम ज्यांनी लिहिले त्यांनी ते काम कसे केले, हे या लेखात पाहू.

आधी मूळ कल्पना. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याभोवती त्याचे नाव सांगणाऱ्या खुणा घालायच्या: <नाव>ज्योत्स्ना</नाव>, <इयत्ता>...</इयत्ता>, आणि या सगळ्यांना पोटात घेणारी <विद्यार्थी> ही बाहेरची खूण. १९८६ साली एसजीएमएल या नावाने ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक झाली. १० फेब्रुवारी १९९८ रोजी तिचे सुटसुटीत रूप एक्सएमएल या नावाने वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने जाहीर केले. वर दिल्याप्रमाणे खुणांची नावे थेट देवनागरीत लिहिण्याची मुभा त्यात पहिल्या दिवसापासून आहे. आपल्याकडे ती फारशी कोणी वापरली नाही, हा भाग निराळा.

एक्सएमएलमध्ये दोन पायऱ्या आहेत. उघडलेली प्रत्येक खूण नीट मिटली असेल तर दस्तऐवज 'सुघटित'. कोणती खूण कोणाच्या पोटात, कोणत्या क्रमाने आणि किती वेळा यावी हे सांगणारा आराखडा वेगळा लिहिलेला असेल आणि दस्तऐवज त्यात बसत असेल तर तो 'वैध'. व्याकरणाचे शिक्षक हा फरक चटकन ओळखतील.

पहिला आराखडा डीटीडी. त्याला क्रम आणि संख्या कळे, पण मजकुराचा प्रकार जवळजवळ कळत नसे. वयाच्या जागी 'आंबा' लिहिले तरी त्याची हरकत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी कन्सॉर्टियमने २ मे २००१ रोजी 'एक्सएमएल स्कीमा' तीन भागांत प्रसिद्ध केला: प्रवेशिका, रचना आणि माहिती-प्रकार. परीक्षणाचा खरा विषय हाच.

तिसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण तो तिघांत सरस आहे. त्यात ४४ तयार माहिती-प्रकार आहेत, १९ मूळचे आणि २५ त्यांच्यापासून काढलेले. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा एकच क्रम चालतो. त्यामुळे '५/६' म्हणजे पाच जून की सहा मे, हा घोळच उरत नाही. ३० फेब्रुवारी लिहिले तर तपासनीस ते परत करतो. लीप वर्षाचा नियमही त्याला ठाऊक आहे. एवढ्याबद्दल शाबासकी द्यायला हवी.

पण देवनागरीत काम करणाऱ्याने हाच भाग जरा सावकाश वाचावा. 'पूर्णांक' या प्रकारात फक्त इंग्रजी आकडे चालतात, म्हणजे '१२' लिहिले की तपासनीस म्हणतो, हा पूर्णांक नव्हे. त्याच भागात नमुने लिहिण्यासाठी 'कोणताही एक अंक' अशा अर्थाची एक खूण दिली आहे, आणि तिच्यात मात्र जगातील सर्व लिप्यांचे अंक धरले आहेत. म्हणजे 'चार अंकी वर्ष' असा नमुना मजकुरावर लावला तर '१९९८' सुखाने पास होते. एकाच पुस्तकात '१२' एका पानावर अंक असतात आणि दुसऱ्या पानावर नसतात. प्रत्येक नियमाला आपापले कारण आहे, हे मान्य. पण ज्याच्या लिपीत हे दोन्ही नियम एकमेकांवर आदळतात त्याला इशारा देणारे एखादे वाक्य असायला हवे होते.

लांबीचेही तेच. नावाची कमाल लांबी आठ ठरवली तर 'ज्योत्स्ना' हे नाव बसत नाही. आपल्या कानाला त्यात दोनच अक्षरे आहेत, ज्यो आणि त्स्ना. तपासनीस मात्र ज, हलन्त खूण, य, ओकार, त, पुन्हा हलन्त असे सुटे करत दहापर्यंत पोहोचतो. वर्गात फळ्यावर हे करून पाहावे. 'श्रीकृष्ण' घेतले तर नऊ भरतात. मुलांना जोडाक्षराची फोड शिकवण्याचा याहून चांगला निमित्ताचा धडा मला माहीत नाही. पण आठची मर्यादा घालणाऱ्याने 'आठ म्हणजे पुष्कळ' असा विचार रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेला असतो, आणि त्याचा भुर्दंड ज्योत्स्नाला पडतो.

दुसरा भाग, 'रचना', याच्याबद्दल मला बरे बोलता येत नाही. तो वाचायला अतिशय कठीण आहे, आणि विषय अवघड असल्यामुळे नव्हे. नियम, उपनियम, उपनियमाचे कलम अशी त्याची मांडणी आहे. ज्यांनी ही आज्ञावली वापरली आहे त्यांना 'सीव्हीसी-कॉम्प्लेक्स-टाइप २.४.ए' अशी सुरुवात असलेली चुकीची सूचना ओळखीची असेल. तो या भागातल्या कलमाचा क्रमांक आहे. मुलाची वही तपासताना चूक न दाखवता केवळ शासन-निर्णयाचा क्रमांक लिहून वही परत देणारा शिक्षक आपण चालवून घेऊ का?

त्याहून मोठा आक्षेप तत्त्वाचा आहे. समजा, पत्त्याचा नियम असा आहे: 'गाव आणि तालुका' किंवा 'गाव आणि जिल्हा'. माणसाला यात काहीच खटकत नाही. एक्सएमएल स्कीमाला हा नियम लिहिलेलाच चालत नाही. कारण 'गाव' दिसताक्षणी, पुढचे न पाहता, ते कोणत्या पर्यायातले गाव हे एकमेव ठरले पाहिजे, अशी त्याची अट आहे. मग आपण 'गाव, आणि त्यानंतर तालुका किंवा जिल्हा' असे मांडून सुटका करून घेतो. या उदाहरणात सुटका आहे. पण काही नियम असे असतात की ते कितीही फिरवून मांडले तरी या अटीत बसत नाहीत. हे गणिताने सिद्ध झालेले आहे.

ही अट एसजीएमएलपासून चालत आलेली आहे, आणि ती तपासनिसाच्या सोयीची आहे. पण सोय तरी खरी आहे का? यानुश ब्झोझोव्स्की यांनी १९६४ सालीच एक सुंदर युक्ती मांडली होती. नियम म्हणजे अपेक्षांची यादी समजा. एकेक खूण वाचावी आणि 'आता काय शिल्लक राहिले?' एवढेच विचारावे. वरच्या नियमात 'गाव' वाचल्यावर शिल्लक उरते 'तालुका किंवा जिल्हा'. मग 'तालुका' आले की शिल्लक काही नाही, म्हणजे पास. सुरुवातीलाच 'पिनकोड' आला तर कोणतीच अपेक्षा लागू पडत नाही, म्हणजे नापास. कोणत्या पर्यायातले गाव, हा प्रश्न उद्भवलाच नाही! या शिलकेला त्यांनी कलनशास्त्रातला 'डेरिव्हेटिव्ह' हाच शब्द वापरला. अकरावी-बारावीच्या मुलांनी वहीत असे दोन-चार नियम सोडवून पाहावेत, संगणकाची गरज नाही.

नेमकी हीच युक्ती वापरून जेम्स क्लार्क यांनी रिलॅक्स एनजी या दुसऱ्या आराखडा-भाषेची तपासणी कशी करावी हे दाखवले. त्यांची ट्रेक्स आणि जपानचे मुराता माकोतो यांची रिलॅक्स या दोन भाषा एकत्र करून ती घडवली गेली. २००१ च्या डिसेंबरात ती प्रसिद्ध झाली आणि २००३ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. गाव-तालुक्याचा नियम तिथे जसा सुचला तसा लिहिता येतो. 'हे पाच रकाने कोणत्याही क्रमाने येऊ देत' हेही ती सहज मानते, जे २००१ च्या स्कीमाला फार तोकड्या स्वरूपात जमत होते. ती लहान आहे आणि तिच्यामागे वृक्ष-व्याकरणाचा पक्का सिद्धांत आहे. तरीही उद्योगजगतात एक्सएमएल स्कीमाच पसरला, कारण मोठ्या कंपन्यांची साधने त्याच्याभोवती बांधली गेली. गुणांनुसार क्रमांक लागतो, असे याही क्षेत्रात दिसत नाही.

आता दुसऱ्या तपासणीकडे, म्हणजे खरे-खोट्याकडे. आपल्याकडे एका पिढीतल्या असंख्य लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे, हे शिक्षकांना सांगायला नको. शाळा जूनमध्ये सुरू होई आणि गुरुजींना काहीतरी लिहावे लागे. आराखड्याच्या दृष्टीने १ जून ही निर्दोष तारीख आहे. एका वर्गातल्या चाळीस मुलांपैकी पंचवीस त्या दिवशी जन्मली तरी त्याला नवल वाटणार नाही, कारण तो एका वेळी एकच रकाना पाहतो.

रकान्यांमधला संबंध पाहण्यासाठी रिक जेलिफ यांनी १९९९ साली स्कीमाट्रॉन तयार केले. 'पहिलीत असेल तर वय इतक्या वर्षांपेक्षा कमी नसावे' असे विधान करायचे आणि ते मोडले तर दाखवायची सूचना आपल्याच भाषेत लिहायची. ही दुसरी गोष्ट मला पहिलीइतकीच मोलाची वाटते. इथे कलमाचा क्रमांक नाही, 'वय आणि इयत्ता जुळत नाहीत, दाखला पाहा' असे सरळ मराठी वाक्य लिहिता येते. एक्सएमएल स्कीमाने असली विधाने २०१२ च्या १.१ आवृत्तीत घेतली, बऱ्याच उशिराने.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेत विद्यार्थ्यांची माहिती संगणकात भरण्याच्या कामाला मी मदतीला बसलो होतो. एका मुलीच्या आईने वडिलांचे नाव लावलेले नव्हते. तो रकाना रिकामा ठेवला की प्रपत्र पुढे सरकेना. आईचे नाव तिथे घालावे तर ते चुकीचे ठरणार. लिपिकबाई अनुभवी होत्या. त्यांनी त्या रकान्यात एक टिंब दिले आणि प्रपत्र मुकाट्याने पुढे गेले. आराखड्याच्या भाषेत सांगायचे तर 'किमान लांबी एक' ही अट टिंबाने पूर्ण केली होती.

यात तपासणाऱ्या आज्ञावलीचा दोष नाही. तिने सांगितले तेच केले. आराखडा लिहिताना ज्या खुणेबद्दल तुम्ही काहीच म्हणत नाही ती 'एकदा असलीच पाहिजे' असे डीटीडी, एक्सएमएल स्कीमा आणि रिलॅक्स एनजी या भाषा धरून चालतात. ऐच्छिक करायचे असेल तर तसे मुद्दाम लिहावे लागते. म्हणजे कुटुंब कसे असते याचा विचार कोणी केला नाही तर उत्तर आपोआप 'वडिलांचे नाव सक्तीचे' असे येते. तीन भागांच्या त्या ग्रंथात माहिती-प्रकारांवर पानेच्या पाने आहेत, पण 'काय सक्तीचे करावे' यावर सल्ल्याचा परिच्छेद मला सापडला नाही.

ज्यांना मूळ वाचायचे आहे त्यांनी प्रवेशिकेचा सुरुवातीचा भाग वाचावा. खरेदीच्या एका मागणीपत्राचे उदाहरण घेऊन तो सोप्या पद्धतीने लिहिला आहे. 'रचना' कपाटात राहू द्यावे. त्याऐवजी क्लार्क यांचा रिलॅक्स एनजीच्या तपासणीवरचा छोटा लेख मिळवावा. त्यातली आज्ञावली हॅस्केल भाषेत आहे. ती भाषा येत नसली तरी वहीत गाव-तालुक्याचा नियम सोडवलेल्या मुलाला ती ओळखीची वाटेल.