नेतृत्वशैली : स्वभाव की संबंध?

संस्थेत वा कार्यालयात काम करणाऱ्याने आपली ‘नैसर्गिक नेतृत्वशैली’ ओळखावी व तिच्या अनुरोधाने वागावे, हा विचार व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांतून आता महाविद्यालयांतही रूढ झाला आहे. प्रश्नावली भरावी, गुण मोजावेत आणि स्वतःला अधिकारवादी, लोकशाहीवादी अथवा मुक्त यांपैकी एका कोष्टकात बसवावे, अशी त्याची रीत. त्यामागील आत्मपरीक्षणाची प्रेरणा स्तुत्यच होय. आक्षेप आहे तो ‘नैसर्गिक’ या विशेषणावर.

ही त्रिविध वर्गवारी प्राधान्याने कुर्ट लेविन, लिपिट व व्हाइट यांच्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगामुळे प्रचलित झाली. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची मंडळे प्रौढ नेत्यांच्या हाती सोपविण्यात आली होती. तथापि त्या प्रयोगात एकाच नेत्याने निरनिराळ्या मंडळांत निरनिराळ्या शैली धारण केल्या, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. ज्या प्रयोगात शैली अंगरख्याप्रमाणे बदलता आली, त्याच्याच आधारे शैली ही उपजत प्रकृती मानणे, हा तर्कदोष नव्हे काय?

मराठवाड्यातील उदाहरण घेतल्यास हा दोष अधिक स्पष्ट होतो. स्वामी रामानंद तीर्थ यांना कोणत्या कोष्टकात घालावे? ते संन्यासी, हिप्परगा व अंबाजोगाई येथील शाळांत शिक्षक, त्यापूर्वी कामगारपुढारी ना. म. जोशी यांचे सहकारी. आणि १९३८ च्या सत्याग्रहाचे पुढारी. २६ जानेवारी १९४८ रोजी निजाम सरकारने त्यांना पुन्हा अटक केली. त्यानंतर चारच दिवसांनी, ३० जानेवारीस, उमरी येथील बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी सशस्त्र छापा घालून चळवळीसाठी रक्कम नेली. पुढारी तुरुंगात आणि चळवळीची मोठी कृती उमरीत! अशा वेळी नेतृत्व एका व्यक्तीच्या स्वभावात शोधणे अपुरे ठरते; ते त्या व्यक्तीभोवतीच्या कार्यकर्त्यांत वाटले गेलेले असते. (चळवळीत एक ‘स्वामीजी’ होते, तर दुसरे ‘गोविंदभाई’. या दोन संबोधनांनी मतभेदाला मिळणारा अवकाश सारखाच असेल, असे मानता येत नाही.)

येथे भाषेचा पुरावा महत्त्वाचा आहे. मराठीत काम सांगण्याच्या रीती अनेक : ‘कर’, ‘करा’, ‘करावे’, ‘करू या’, आणि सरकारी टिपणातील ‘करण्यात यावे’. यांपैकी शेवटच्या रचनेत सांगणारा व करणारा दोघेही लोपतात. हुकूम तेवढा उरतो. ‘आम्ही ठरविले’ आणि ‘आपण ठरविले’ यांतील भेद तर मराठीचे मोठेच धन होय. पहिल्यात ऐकणारा बाहेर राहतो, दुसऱ्यात तो निर्णयाचा भागीदार होतो. अर्थात, ज्या बैठकीत तो बोललाच नाही तिचाही! या ‘आपण’ने होणारी जबरदस्ती ‘कर’ या उघड आज्ञेहून अधिक कठीण, कारण तिला नकार देता येत नाही. एकच मुख्याध्यापक शिपायाला ‘कर’, शिक्षकाला ‘करा’, संस्थाचालकाला ‘करता येईल का’ असे एकाच दुपारी म्हणतो. त्याची नैसर्गिक शैली यांतील कोणती?

प्रश्नावलीचा मुख्य दोष हाच की ती बोलणाऱ्यालाच विचारते. ‘मी सहकाऱ्यांचे मत घेतो’ या विधानापुढे प्रामाणिकपणे खूण करणारा विभागप्रमुख पुढच्याच टिपणावर ‘अहवाल तातडीने सादर करण्यात यावा’ असे लिहितो, आणि त्याला त्यात विसंगती जाणवत नाही. वर्गवारीचे नाव मिळाले की ती जाणवण्याची शक्यताही संपते. ‘माझा स्वभावच असा’ हे उत्तर तयार असते आणि त्याचा भार कनिष्ठांवर पडतो.

तेव्हा पदव्युत्तर अभ्यासकाने प्रश्नावलीऐवजी नांदेड वा लातूर जिल्ह्यातील एखाद्या कार्यालयाची एका वर्षाची टिपणे व बैठकांची इतिवृत्ते हाती घ्यावीत. कोणी कोणास ‘आपण’ म्हटले, कोणत्या वाक्यांतून कर्ता गाळला गेला आणि कोणत्या सूचनेला कनिष्ठाने लेखी ‘नाही’ म्हटले, याची नोंद करावी. तिसऱ्या नोंदीचे पान कोरे राहिले, तर तेही जपून ठेवावे.