तबकडीचा वेग आणि रुक्मिणीचा स्वर

बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर असो की मुलुंडचे कालिदास नाट्यगृह, नाट्यपदांचा कार्यक्रम असला की 'नाथ हा माझा' या पदाची फर्माईश होतेच. घरी येऊन बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका ऐकली की मात्र पुष्कळांचा, विशेषतः विद्यार्थ्यांचा, विरस होतो. "किती घाईत म्हटले आहे!", "आवाज किती बारीक!" असे शेरे ऐकू येतात. हे शेरे गायकाच्या गाण्यावरचे आहेत की तबकडी फिरवणाऱ्या यंत्रावरचे? ध्वनिमुद्रिकेचे रसग्रहण करणाऱ्याने हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. त्याचे उत्तर शोधायला शाळेतले ध्वनीचे प्रकरण पुरते.

हे पद कृ. प्र. खाडिलकरांच्या 'स्वयंवर' (१९१६) नाटकातले. संगीत भास्करबुवा बखले यांचे, राग यमन, आणि रुक्मिणीच्या भूमिकेत बालगंधर्व. रंगमंचावर 'वन्स मोअर' घेत पद कितीही वेळ रंगू शके. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर मात्र जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. म्हणून गायकाला पद आवरते घ्यावे लागे, प्रसंगी लयही वाढवावी लागे. घाईचे हे पहिले संभाव्य कारण.

दुसरे कारण यंत्राचे. या तबकड्यांना आपण '७८ च्या' म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात सगळ्याच तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित होत नसत. वेग सत्तरीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कुठेही असे. समजा, एक तबकडी ७४ फेऱ्यांनी मुद्रित झाली आणि आपण ती ७८ ने वाजवली. ७८ भागिले ७४ म्हणजे सुमारे १.०५४. मग २०० सेकंदांचे गाणे १९० सेकंदांत संपेल. मिनिटाला १०० मात्रांची लय १०५ च्या वर जाईल. काळी चारचा षड्ज जवळजवळ पांढरी सहावर चढेल.

गंमत अशी, की राग बिघडणार नाही. सा २०० हर्ट्झ आणि प ३०० हर्ट्झ असेल, तर ते अनुक्रमे २१०.८ आणि ३१६.२ होतील. गुणोत्तर ३:२ च राहील. यमन यमनच राहतो, म्हणून आपल्याला शंकाही येत नाही.

मग दोन कारणे वेगळी कशी ओळखायची? गायकाने लय वाढवली तर फक्त लय वाढते. षड्ज जागेवर राहतो आणि आवाजाची जातही बदलत नाही. यंत्र जलद फिरले तर लय, षड्ज आणि आवाजाची जात ही तिन्ही एकाच गुणोत्तराने सरकतात. आवाजाची जात ठरते ती घसा आणि तोंड यांच्या पोकळीतील अनुनादाने. गायक वरचा स्वर लावतो तेव्हा ही पोकळी फारशी आखूड होत नाही. तबकडी जलद फिरवली की मात्र अनुनादाच्या वारंवारताही वाढतात, आणि गाणारी व्यक्ती लहान चणीची वाटू लागते. स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या बाबतीत ही बाब किरकोळ नाही. मुद्रिकेतल्या आवाजाचा नाजूकपणा किती त्यांचा आणि किती चुकीच्या वेगाचा, हे पाहिल्याशिवाय त्यावर मत देणे अन्यायाचे आहे.

पाश्चात्त्य ऑपेराच्या अभ्यासकांना इथे एक सोय आहे. फ्रेड गायसबर्गने १९०२ मध्ये मिलान येथे कारुसोची पदे मुद्रित केली आणि त्याच वर्षी कलकत्त्याला येऊन गौहरजानचे गाणे मुद्रित केले. कारुसोच्या पदाची पट्टी स्वरलिपीत छापलेली असते. मुद्रिका त्या पट्टीशी जुळेपर्यंत वेग बदलून पाहता येतो. अर्थात गायक कधी कधी पद अर्ध्या स्वराने उतरवून गात, त्यामुळे ही मोजपट्टीही अचूक नाही. आपल्याकडे षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरतो, म्हणून तीही नाही. त्याच गायकाच्या त्याच काळातल्या इतर मुद्रिका, नंतरची विद्युत ध्वनिमुद्रणे आणि व्यंजनांचा स्वाभाविक उच्चार यांवरून अंदाज बांधावा लागतो. शिवाय आता संगणकावर लय न बदलता पट्टी आणि पट्टी न बदलता लय बदलता येते. तशी प्रत हाती आली तर वरची कसोटीही चालणार नाही.

मग या मुद्रिकेबद्दल खात्रीने काय म्हणता येईल? जे गुणोत्तरांवर उभे आहे ते. स्वरांची एकमेकांशी असलेली अचूक नाती, छोट्या तानेनंतर समेवर अलगद येणे, शब्द न मोडता त्याला दिलेला स्वराचा हेलकावा, हे सारे कोणत्याही वेगाने तसेच राहते. तीन मिनिटांच्या कोंडीतही रुक्मिणीचा विश्वास आणि लाडिकपणा शब्दाशब्दांत पोहोचतो, तो या प्रमाणबद्धतेमुळे. ही स्तुती निर्धास्तपणे करावी. 'द्रुत', 'उंच', 'बारीक' ही विशेषणे मात्र वेग तपासल्याशिवाय वापरू नयेत. जुन्या गाण्यांचे संच काढणाऱ्यांनीही वेष्टनावर मुद्रिकेचा गृहीत धरलेला वेग आणि षड्ज छापावा. रागाचे नाव छापतात, तितकेच हे गरजेचे आहे.

शाळेत ग्रामोफोन मिळाला तर एक प्रयोग करावा. पुठ्ठ्याची गोल चकती कापून तिच्या कडेला समान अंतरावर ७७ काळे पट्टे काढावेत. तबकडीवर ती ठेवून जुन्या, चोक असलेल्या ट्यूबलाइटखाली पाहावे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो. मिनिटाच्या ६००० उजळण्या भागिले ७७ म्हणजे ७७.९२. या वेगाला पट्टे स्थिर दिसतात, पुढे सरकले तर वेग जास्त, मागे सरकले तर कमी. चावी उतरत गेली की पट्टे मागे जाऊ लागतील आणि त्याच वेळी षड्जही खाली येईल. डोळ्यांनी आणि कानांनी एकच गोष्ट कळल्यावर विद्यार्थी 'घाईत म्हटले आहे' असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबेल.