ताटातले किलोमीटर

पेण तालुक्यातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही एक तक्ता पाहिला. मध्ये जेवणाचे ताट, भोवती जगाचा नकाशा, आणि ताटातल्या प्रत्येक पदार्थापासून नकाशावरच्या एकेका ठिकाणापर्यंत ताणलेला रंगीत दोरा. वाल गावातलाच, म्हणून ० किलोमीटर. तांदूळ रोह्याचा, ४० किलोमीटर. तूरडाळ आफ्रिकेतल्या मोझांबिकची, पामतेल इंडोनेशियाचे. दोरे लांबत गेले तसे त्यांचे रंग हिरव्यातून लालाकडे गेले होते. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘जितके किलोमीटर कमी, तितके प्रदूषण कमी.’

तक्ता सुबक होता आणि मुलांनी उत्तरेही धीटपणे दिली. आमची तक्रार मुलांविषयी नाही, त्या खालच्या ओळीविषयी आहे. ती ओळ मुलांची नव्हेच. ब्रिटनमध्ये १९९४ साली ‘फूड माइल्स रिपोर्ट’ नावाचा अहवाल निघाला. अन्नाने शेतापासून ताटापर्यंत किती मैल प्रवास केला हे मोजा, असे त्याचे सांगणे. कल्पना सोपी, शाळेच्या प्रकल्पाला सोयीची. ती जगभर पसरली आणि पसरताना ‘किती मैल’ एवढेच उरले. ‘कशातून’ आणि ‘काय पिकवून’ हे प्रश्न मागे पडले.

आधी ‘कशातून’ ते पाहू. पुअर आणि नेमेचेक या दोन संशोधकांनी २०१८ साली जगभरातल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून अन्नाचा पर्यावरणावरचा भार मोजला. त्यांच्या कामात वाहतुकीचे जे आकडे वापरले आहेत, ते ढोबळमानाने असे : एक टन माल एक किलोमीटर नेताना जहाज १० ग्रॅम, आगगाडी ५० ग्रॅम, ट्रक २०० ग्रॅम आणि विमान ११०० ग्रॅमहून अधिक कार्बन डाय-ऑक्साइड (किंवा तेवढ्याच परिणामाचे इतर वायू) हवेत सोडते. ट्रक रिकामा परत आला किंवा जहाज जुने असले तर हे आकडे बदलतील, पण जहाज आणि ट्रक यांच्यातले वीस पटींचे अंतर काही पुसले जाणार नाही.

आता तक्त्यातली तूरडाळ घेऊ. भारताने जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी डाळींच्या खरेदीचा करार केला. तेव्हापासून तिकडची तूर आपल्याकडे नियमाने येते. नामपुलाच्या भागातून नकाला बंदरापर्यंत ट्रकने सुमारे २०० किलोमीटर म्हणजे किलोमागे ४० ग्रॅम. तिथून न्हावाशेव्यापर्यंत समुद्राने सुमारे ५,१०० किलोमीटर, म्हणजे ५१ ग्रॅम. न्हावाशेव्याहून पेणला ट्रकने ४० किलोमीटर, ८ ग्रॅम. एकूण ९९ ग्रॅम. हीच तूर लातूरहून पेणला आणली तर ट्रकने सुमारे ४५० किलोमीटर, म्हणजे ९० ग्रॅम. अंतर बारा पट, आणि वायूंत फरक नऊ ग्रॅमचा. इतक्या ढोबळ आकडेमोडीत नऊ ग्रॅमला अर्थ नसतो. तक्त्यावर मात्र एक दोरा हिरवा होईल आणि दुसरा लाल.

हा हिशेब आठवी-नववीच्या मुलांना फळ्यावर करता येतो, करून घ्यावा. त्याला जोडून आणखी दोन उदाहरणे द्यावीत. कोलाडजवळच्या गावातून कुणी ‘गावठी’ वाल घ्यायला मोटारसायकलने रोह्याच्या बाजारात गेले आणि परत आले, तर वीस-बावीस किलोमीटर होतात. लिटरला ५० किलोमीटर धरले तर निव्वळ पेट्रोलचा वायू किलोभर भरतो. आफ्रिकेतून येणाऱ्या तुरीच्या किलोमागे पडतो त्याच्या दहा पट. दुसरे उदाहरण स्वयंपाकघरातले. १४.२ किलोचा गॅस सिलिंडर जळून सुमारे ४२ किलो कार्बन डाय-ऑक्साइड होतो. तो चाळीस दिवस पुरला तर रोजचा एक किलो. घरात रोज दोनशे ग्रॅम डाळ शिजत असेल, तर तिच्या सगळ्या प्रवासाचा वाटा वीस ग्रॅम. डाळ आधी भिजत घालावी, कुकरचे झाकण लावावे, असे आपल्या आया-आज्या सांगत आल्या, त्याची किंमत या हिशेबात आफ्रिकेच्या अंतरापेक्षा मोठी निघते!

अपवाद विमानाचा. मुंबईहून लंडनला विमानाने गेलेल्या हापूसच्या किलोमागे सुमारे आठ किलो वायू पडतो. तिथले आपले नातेवाईक मे महिन्यात ‘गावचा आंबा’ म्हणून तो कौतुकाने खातात, आपल्यालाही बरे वाटते. पण जहाज, ट्रक आणि विमान यांना एकाच दोऱ्याने मोजणारा तक्ता हे सांगू शकत नाही.

‘काय पिकवून’ हा प्रश्न याहून अवघड आहे. तक्त्यावर रोह्याच्या तांदळाचा दोरा छान हिरवा होता : ४० किलोमीटर, म्हणजे ८ ग्रॅम. पण भाताच्या खाचरात पाणी साचले की मातीतला प्राणवायू संपतो, त्याविना जगणारे सूक्ष्मजीव कुजणाऱ्या काडीकचऱ्यापासून मिथेन तयार करतात, आणि तो भाताच्या पोकळ दांड्यांतून हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डाय-ऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट उष्णता धरतो. जागतिक सरासरीने एक किलो तांदळामागे चार किलोंहून अधिक वायू पडतात. तक्त्याने त्यातले आठ ग्रॅम मोजले.

बरे, प्रत्येक खाचर सारखे नसते. खाचर अधूनमधून कोरडे होऊ दिले तर मिथेन बराच कमी होतो. पण पेणच्या खारभूमीत हे म्हणण्याइतके सोपे नाही. तिथे पावसाचे पाणी बाहेर जाते ते ओहोटीच्या वेळी, उघाडीतून. शेतकऱ्याच्या मनात आले आणि शेत कोरडे केले, असे होत नाही. उलट खाऱ्या मातीत सल्फेट असते, आणि सल्फेटावर जगणारे सूक्ष्मजीव मिथेन करणाऱ्यांचे खाद्य आधी पळवतात. त्यामुळे खाजणातले भात आणि डोंगराकडचे भात एकाच तालुक्यातले असूनही त्यांचा मिथेन वेगळा.

रोह्याच्या उन्हाळी भाताची कथा तर आणखी निराळी. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीतून भिऱ्याला उतरते, १९२७ पासून तिथे वीज होते, मग ते कुंडलिकेत येते आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी शेतात जाते. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध. तांदूळ रोह्याचा खरा, पाणी घाटावरचे. त्याचा दोरा तक्त्यात कुठून ताणायचा?

वालाच्या बाबतीत तक्ता बरोबर निघतो, पण कारण चुकते. वाल गावचा म्हणून चांगला नव्हे. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर तो येतो, त्याला वेगळे पाणी लागत नाही, आणि मुळांच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र बांधतात म्हणून युरियाही फारसा लागत नाही. पोपटीच्या मडक्यात शेंगा भरताना ही मुळे उपटून गाठी दाखवाव्यात. याउलट पामतेल. त्याच्या जहाजाचा वाटा किलोमागे पन्नास ग्रॅमच्या आसपास. भार पडतो तो जंगले आणि दलदली साफ करून केलेल्या लागवडीमुळे, किलोमागे कित्येक किलो.

आमच्या टीकेवर उत्तर आहे, तेही सांगायला हवे. अमेरिकेतल्या वेबर आणि मॅथ्यूज यांच्या २००८ च्या अभ्यासात अन्नाच्या एकूण वायूंपैकी वाहतुकीचा वाटा ११ टक्के निघाला. २०२२ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी खते, यंत्रे वगैरेंची वाहतूकही धरली, तेव्हा तो जगभरासाठी १९ टक्क्यांवर गेला. म्हणजे वाहतूक नगण्य नाही. मात्र उरलेले ऐंशी टक्के कुठे आहेत, हे पाहावेच लागते. न्यूझीलंडच्या लिंकन विद्यापीठाने २००६ मध्ये दाखवले, की तिथले मेंढीचे मांस ब्रिटनमध्ये पोचल्यावरही ब्रिटिश मांसाच्या चौथ्या हिश्श्याइतकाच वायू सोडते. अभ्यास करणारे निर्यातदार देशातले आहेत, हेही वर्गात सांगायला विसरू नये.

तरीही गावचे पिकलेले खाण्याच्या आम्ही विरुद्ध नाही, आणि इथेच किलोमीटरची फूटपट्टी आम्हाला सर्वांत तोकडी वाटते. पेणची खारशेती बांधावर उभी आहे. उधाणात बांधाला खांड पडली आणि वेळेवर बुजवली नाही तर खारे पाणी आत येते. काही वर्षांत तिथे तिवरे उगवतात आणि भात संपते. ‘राता’सारखी खारे पाणी सोसणारी जुनी वाणे त्या शेतांबरोबरच जातात. हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते, लाभक्षेत्रातल्या कालव्यांची कामे मात्र रखडत गेली. याच लाभक्षेत्रातल्या २२ गावांच्या शेतकऱ्यांनी २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन द्यावी की नाही यावर मतदान केले. यातले काहीच ‘० किलोमीटर’मध्ये दिसत नाही. उद्या कुणी म्हणाले, की ही शेते काढून गोदामे बांधा, तांदूळ जहाजाने आणू, वायू तेवढेच पडतील, तर तक्त्याच्या भाषेत त्याला उत्तर देता येणार नाही.

त्या शाळेच्या शिक्षकांना आम्ही तक्ता फाडू नका असे सुचवले. दोरे राहू द्यावेत, फक्त त्यांचे रंग अंतरावरून न ठरवता वाहनावरून ठरवावेत. शेजारी चार रकाने काढावेत : पाणी कुठले, खत कोणते, शिजायला इंधन किती, आणि ही जमीन आज कोण राखते. पहिल्या तिन्हींची उत्तरे बाजारात, शेतावर आणि घरी मिळतील. चौथ्यासाठी मुलांना भरतीच्या वेळी बांधावर न्यावे लागेल, आणि गावातल्या जाणत्यांना विचारावे लागेल, की मागची खांड कोणत्या साली पडली आणि ती कुणी बुजवली.