तिघांचं मत, एकच तार

(क आणि ख) किंवा (ख आणि ग) किंवा (क आणि ग). अंतराळयानासाठी एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी ठरवता येणारी चिप, डिझाइन करणाऱ्याच्या हातून ही ओळ असंख्य वेळा लिहिली जाते. क, ख, ग म्हणजे एकाच सर्किटच्या तीन प्रतींची उत्तरं; तिघांपैकी कोणतेही दोघे जुळले की उत्तर त्यांचं. मला ती फार आवडते, कारण ती चुकणाऱ्याचा शोध घेत बसत नाही. कोण चुकलं हे तिला कळतच नाही, तरी उत्तर बरोबर येतं.

चूक येते ती बाहेरून. अवकाशातला एखादा भारित कण चिपमधून आरपार जातो आणि एक बिट साठवणाऱ्या फ्लिप-फ्लॉपमधल्या शून्याचा एक होतो. चिप शाबूत असते, फक्त एक बिट उलटलेला असतो. एसरॅम प्रकारच्या मेमरीवर चालणाऱ्या एफपीजीएत तर आतली जोडणीसुद्धा बिटांतच साठवलेली असते. तिथे आकड्याऐवजी सर्किटच बदलू शकतं. त्यासाठी मूळ जोडणी पुन्हा पुन्हा लिहीत राहावी लागते.

बेभरवशाच्या भागांतून भरवशाचं यंत्र घडवताना बहुमताचा उपयोग कसा होतो, हे जॉन फॉन नॉयमन यांनी १९५६ च्या निबंधात मांडलं होतं. पण या रचनेचा प्राण मला मतमोजणीपेक्षा मागे फिरणाऱ्या तारेत दिसतो. साधा काउंटर घ्या. त्याच्या तिन्ही प्रती आपापल्याच आकड्यात एक मिळवत राहिल्या, तर एकदा चुकलेली प्रत चुकलेलीच राहते आणि दुसरा कण दुसऱ्या प्रतीला लागला की बहुमत कोसळतं. म्हणून बहुमताचा आकडा तिन्ही प्रतींकडे परत न्यायचा. पुढच्या क्लॉकला चुकलेली प्रतही त्याच आकड्यापासून मोजू लागते. किती देखणी दुरुस्ती! मतमोजणीचं सर्किटही तिहेरी करतात, आणि एकच कण दोन प्रतींना लागू नये म्हणून त्या चिपवर लांब लांब बसवतात.

अंतराळासाठीच्या आरटीएएक्ससारख्या एफपीजीएंत फ्लिप-फ्लॉपचं हे तिहेरीपण सिलिकॉनमध्येच असतं. इतरत्र ते व्हीएचडीएल या हार्डवेअरच्या भाषेत लिहावं लागतं, आणि सगळ्यात जपायचं ते तिथेच. त्या लिखाणातून सर्किट घडवणाऱ्या सिंथेसिसच्या सॉफ्टवेअरला तीन सारख्या प्रती उधळपट्टी वाटतात. ते दोन गुपचूप काढून टाकतं. सिम्युलेशन तरीही उत्तम चालतं, कारण तिथे कण येत नाहीत. म्हणून प्रती राखण्याची सूचना द्यायची, आणि तेवढ्यावर न विसंबता नेटलिस्ट, म्हणजे तयार सर्किटची यादी, उघडून मोजायचं: आठ बिटांच्या काउंटरला चोवीस फ्लिप-फ्लॉप दिसलेच पाहिजेत.