'हातमाग' : एका कायदेशीर व्याख्येची चिकित्सा

'हातमाग' हा शब्द जुना वाटतो खरा. परंतु त्याची गरज त्याचा प्रतिस्पर्धी जन्मास आल्यावरच भासली. तोपर्यंत नुसते 'माग' एवढे नाव पुरेसे होते. १९०४ साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी यंत्रमाग सुरू केला. आज त्या गावी 'माग' म्हटले की यंत्रमागच अभिप्रेत असतो. मूळचा धनी विशेषण लावून हिंडतो आहे आणि मूळ नाव आगंतुकाने बळकावले आहे.

हातमागांसाठी काही वस्तू राखून ठेवणाऱ्या १९८५ च्या केंद्रीय अधिनियमाची चर्चा सामान्यतः अर्थशास्त्राच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखकास त्यातील व्याख्या अधिक विचारार्ह वाटते. यंत्रमागाव्यतिरिक्त कोणताही माग म्हणजे हातमाग, असे ती सांगते. यंत्रमाग शक्तीवर चालतो. आणि 'शक्ती' म्हणजे काय, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमात पाहावयाचे. तेथे मानवी व पशूंचे बळ वगळले आहे. तेव्हा बैल जुंपलेला मागही कायद्याने हातमागच ठरावा! विनोद सोडला तरी मुद्दा उरतोच : या व्याख्येत विणकराच्या हाताचा उल्लेख नाही, केवळ विजेचा अभाव आहे.

याउलट १९८६ च्या आदेशातील २२ राखीव वस्तू, उदाहरणार्थ साडी, धोतर, लुंगी, सतरंजी, या कापडाच्या वर्णनाने ठरविलेल्या आहेत. माग ऊर्जेवरून ओळखावयाचा आणि वस्तू काठ, पोत, नक्षी यांवरून, अशी ही दुहेरी रचना आहे. अमुक नक्षी हातानेच निघते, हे तिचे अव्यक्त गृहीतक होय. डॉबी आणि जॅकार्ड यंत्रमागावर बसल्यावर त्या गृहीतकास आधार राहिला नाही. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. तरीही पुढे यादी ११ वस्तूंवर आली. न्यायालय कायद्याची वैधता ठरवू शकते. कापड कोणत्या मागावरून उतरले, हे मात्र दुकानातल्या घडीवरून सहसा कळत नाही.

२०१३ च्या सुमारास निदान एक क्रिया माणसाच्या बळाने होणारा संमिश्र मागही हातमाग मानावा, असा प्रस्ताव पुढे आला. विणकरांनी त्यास विरोध केला, तो योग्यच होता. कारण कोणत्या यंत्रमागावर एखादे काम हाताने होत नाही? पण विरोधकांनी एका प्रश्नाला बगल दिली, असे मला वाटते. पायांचे कष्ट वाचावेत म्हणून उतारवयात मागास लहानशी मोटर जोडणाऱ्या विणकराचा धोटा, नक्षी, हात सारे तेच राहते. नाव तेवढे जाते.

बाजाराने आपली व्याख्या केव्हाच केली आहे. यंत्रावरच्या पैठणीस तो 'सेमी पैठणी' म्हणतो, आणि जाणती बाई पदर उलटून मागचे सुटे धागे पाहते.