घरी ऐकण्याजोग्या ध्वनिमुद्रिका

पावसाळ्यात चिखलदऱ्यास धुके एकदा दाराशी येऊन बसले, की मंडळींस घरातच मन रमवावे लागते. सुमारे १,१०० मीटर उंचीवरील या गावी मैफलीचा लाभ क्वचितच. तेव्हा ध्वनिमुद्रिका हाच गवई आणि हाच गुरू. यास्तव घरी कोणत्या मुद्रिका ठेवाव्या, हा प्रश्न आम्हांस केवळ हौसेचा वाटत नाही. ज्यांवर मुलांचा कान घडावयाचा, त्यांची निवड हलगर्जीपणाने होऊ नये.

पाश्चात्त्य रसिकाचे काम एका अर्थी सोपे आहे. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी कागदावर लिहिलेली आहे. १९१३ साली निकिश यांनी बर्लिनच्या वाद्यवृंदाकडून ती मुद्रित करविली, पुढे इतर अनेकांनी. परंतु मूळ कृती एकच. ती कोणी किती निष्ठेने व किती रसाने सादर केली, एवढेच ताडून पाहावयाचे. आपल्याकडे गायन हीच कृती होय. म्हणून 'सर्वोत्तम मारवा कोणता' असे न विचारता, 'या मुद्रिकेत मारवा पुरता उभा राहिला काय' असे विचारावे, हे आमचे मत.

या कसोटीस जुनेपणा किंवा लांबी पुरेशी नाही. जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात ख्याल कोंबताना पुष्कळ गवयांची धांदल उडाली. परंतु अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांची झिंझोटीतील ठुमरी ऐकावी : काही कापले गेले, असे कोठेही वाटत नाही. उलट अमीर खाँ यांच्या १९६० सालच्या मुद्रिकेत मारव्यास वीस मिनिटांहून अधिक अवकाश लाभला आहे. षड्जावर विसावण्याची घाई नाही, आणि त्या विलंबातच संध्याकाळची हुरहूर साठते. दुसऱ्या बाजूस दरबारी आहे. ती रात्र चढल्यावर लावावी.

केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ती घरी आणावी, पण या कीर्तीसाठी नव्हे. तिच्यातील भरदार, न डळमळणाऱ्या स्वरासाठी.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. जुन्या तबकड्या सर्वच मिनिटास ७८ फेऱ्यांच्या गतीने मुद्रित झाल्या नव्हत्या. चुकीच्या गतीने उतरवून घेतल्यास, वेग शेकडा सहाने वाढताच गायन अर्ध्या स्वराने चढते. लय धावू लागते, गळा बारीक होतो, आणि आपण गवयासच दोष देतो. तसेच खरखर अति पुसून काढल्यास तंबोऱ्याची आसही पुसली जाते. आम्ही तर थोडी खरखर पत्करू. स्वर निष्प्राण झालेला पत्करणार नाही.

तेव्हा शंभर मुद्रिकांचा ढीग नको. झिंझोटी, मारवा-दरबारी आणि भैरवी, एवढ्या तीनच प्रथम आणाव्या. दिवा लागण्याच्या सुमारास मारवा लावावा, बोलणे थांबवावे, आणि तो संपेपर्यंत कोणी उठू नये. महिनाभर असे घडले, तर चौथी मुद्रिका कोणती घ्यावी, हे घरातील धाकट्यांसही विचारण्यास हरकत नाही.